पत्त्यांचा डाव आणि गुलाबी रंग

आम्हा कवींच्या ओळीत गुलाबी रंग येतो तो बहुधा प्रेमाच्या वाटेने. इंग्लंडमधल्या एका पोलीस ठाण्यात, एका बशीत उमटलेल्या गुलाबी रंगाने मात्र सहा माणसांची सोळा वर्षे गिळली. त्याची ही हकीकत.

21 नोव्हेंबर 1974. बर्मिंगहॅममधल्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले आणि 21 माणसे गेली. त्याच संध्याकाळी पाच आयरिश माणसे आगगाडीने बेलफास्टकडे निघाली होती, एका अंत्यविधीसाठी. मेलेला माणूस स्वतःच बॉम्ब पेरताना मेला होता. संशयाला एवढे पुरे झाले. गाडीत वेळ जावा म्हणून ते पत्ते खेळत होते. हेशम बंदरावर त्यांना पकडले, सहाव्याला बर्मिंगहॅममध्ये. नाव ऐकताच थबकणारी नजर मला परकी नाही, म्हणून इथे मी जरा रेंगाळतो.

त्या पाच जणांचे हात पुसून ‘ग्रीस चाचणी’ झाली. योहान पीटर ग्रीस हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन रसायनज्ञ, बर्टनच्या बिअर कारखान्यात नोकरीला असलेला. त्याच्या द्रावणाला नायट्राइट भेटले की ते गुलाबी होते. नायट्रोग्लिसरीनमध्ये कॉस्टिक सोडा घातला की नायट्राइट सुटते. तेव्हा गुलाबी म्हणजे स्फोटक, असा सोपा हिशोब! दोघांच्या उजव्या हातांनी रंग दाखवला. डॉ. फ्रँक स्क्यूज यांनी कोर्टात 99 टक्के खात्री दिली. बचाव पक्षाचे तज्ज्ञ ह्यू ब्लॅक यांनी ती नाकारली, पण न्यायमूर्तींना स्क्यूज पटले. चौघांचे कबुलीजबाब होतेच. ते मारहाण करून घेतले, असे आरोपी सांगत राहिले. 1975 मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली.

खरे तर हाताचे नमुने एका प्रयोगशाळेतही गेले होते. तिथले यंत्र होते गॅस क्रोमॅटोग्राफ जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर. त्यात मिश्रणातला एकेक पदार्थ आपापल्या ठरावीक वेळी नळीतून बाहेर पडतो. मग इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने त्याच्या रेणूचे तुकडे होतात आणि त्या विद्युतभारित तुकड्यांचे जणू वजन होते. नायट्रोग्लिसरीनचे तुकडे 46 आणि 76 या आकड्यांवर दिसतात. म्हणजे ही रंगावरून केलेली अटकळ नव्हे, रेणूची ओळखपरेड आहे. ज्या दोन उजव्या हातांनी गुलाबी रंग दाखवला, त्यांना या यंत्राने दुजोरा दिला नाही. तरी बशीतल्या रंगाचे वजन अधिक ठरले.

अर्थात यंत्र फार तर रेणू कोणता ते सांगेल. तो हाताला कुठे लागला, हे ते कसे सांगणार?

1985 मध्ये ब्रिटिश टेलिव्हिजनच्या ‘वर्ल्ड इन अ‍ॅक्शन’ कार्यक्रमाने शास्त्रज्ञांकडून ग्रीस चाचणी पुन्हा करून घेतली. पत्त्यांच्या चकचकीत लेपात नायट्रोसेल्युलोज असे, आणि पत्ते हाताळलेल्या बोटांनीही तोच गुलाबी रंग दाखवला. तरीही 1988 मध्ये अपील फेटाळले गेले. पुढे पोलिसांच्या नोंदीही संशयास्पद निघाल्या, आणि 14 मार्च 1991 रोजी सहाही जण सुटले.

त्या 21 जणांच्या खऱ्या मारेकऱ्यांना मात्र अजून कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिलेली नाही.