विडी कामगार स्त्रियांची घरे

सोलापुरास १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे कष्टकऱ्यांची वस्ती दाटत गेली. पुरुष मागावर आणि स्त्री घरी विड्या वळीत बसलेली, असा कित्येक तेलुगुभाषी कुटुंबांचा संसार होता. भाड्याच्या एकाच खोलीत चूल, पाळणा आणि तंबाखूचे सूप! रोजावर जगणाऱ्या अशा स्त्रीस स्वतःचे घर कोठून मिळावे?

या स्त्रियांनी श्री. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संस्था स्थापिली, सरकारदरबारी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली आणि आपल्या वाट्याची रक्कमही उभी केली. केंद्र सरकार, राज्य सरकार व कामगार या तिघांच्या पैशांतून कुंभारीस १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचा ताबा देण्यात आला. वारली लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचे नाव वसाहतीस दिले गेले.

पुढे तेथेच ३०,००० घरांचे रे नगर योजिले गेले. त्यांपैकी १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते अर्पण झाली. मधल्या काळात सरकारे बदलली. मागणारे हात मात्र विड्या वळणारेच राहिले. सरकारी पैसा लागला हे खरे. परंतु त्यास वाट दाखविली ती या हातांनी.