बंगल्यापुढची बाग : हैदराबादची कोठी आणि गोव्याचे अंगण

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर काठावर ‘कोठी’ नावाची गजबजलेली वस्ती आहे. कोठी म्हणजे मोठा बंगला, आणि या वस्तीला नाव देणारा बंगला आजही तेथे उभा आहे. तो म्हणजे जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी. निजामाच्या दरबारातील रेसिडेंट जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने १८०३ साली तिचे बांधकाम सुरू केले. आराखडा सॅम्युअल रसेल या लष्करी अभियंत्याचा. १९४९ साली या वास्तूत महिला महाविद्यालय आले.

या आवारात बागेच्या दोन कल्पना शेजारी शेजारी नांदत होत्या. पुढे दर्शनी बाग होती : उंच खांब, रुंद पायऱ्या, पायथ्याशी दगडी सिंह आणि समोर मोकळे पटांगण. घोडागाडीतून येणाऱ्या पाहुण्याचे डोळे दिपावेत, हा तिचा हेतू. मागे कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा हिच्यासाठी बांधलेला रंगमहाल आणि त्याची बाग होती. पडद्यामुळे तिला पुढची इमारत पाहता येत नसे, म्हणून त्या बागेत इमारतीची छोटी प्रतिकृती उभारली, असे सांगितले जाते. रंगमहाल आज उरलेला नाही. पहिली बाग पाहण्यासाठी होती, तर दुसरी राहण्यासाठी.

गेल्या दोन शतकांत भारतातील बंगल्यांनी अनुकरण केले ते पहिल्या बागेचे. फाटक, मोटारीचा रस्ता, मध्ये हिरवळीचा चौकोन आणि कडेला रांगेत कुंड्या. गोव्यात नव्याने उठणाऱ्या बंगल्यांपुढेही हेच चित्र दिसते. फरक इतकाच, की हिरवळीची जागा पेव्हर ब्लॉकने घेतली आहे. चिखल नको, पानगळ झाडणे नको, हे कारण समजण्याजोगे आहे. परंतु त्याची किंमत विहिरीला मोजावी लागते.

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या अंगणात एका पावसाळ्यात जवळपास ३ लाख लिटर पाणी पडते. अंगण मातीचे असेल, तर त्यातील बराच भाग जांभ्यात मुरतो. फरसबंदी असेल, तर तेवढेच पाणी गटारातून रस्त्यावर येते आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. मोटारीच्या दोन चाकांपुरत्या चिऱ्याच्या दोन पट्ट्या टाकल्या आणि मधली जागा खडी व गवतासाठी सोडली, तरी सोय होते आणि जमीनही श्वास घेते. अंगणाचा उतार जोत्यापासून दूर, झाडांच्या आळ्यांकडे असावा. नव्या घरात राहायला आल्यावर एक पावसाळा नुसते पाणी कोठून येते व कोठे साचते हे पाहावे, मगच आराखडा करावा. घाईने आणलेली निम्मी रोपे नाहीतरी पहिल्या आषाढात कुजतात.

हिरवळीचा हट्ट येथे महागच पडतो. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते आणि उन्हाळ्यात तिला रोज पाणी द्यावे लागते. गुलाबाचेही तसेच; तो कुंडीत लावून पागोळीच्या आत ठेवलेला बरा. उलट जांभ्याची आम्लधर्मी माती अनंताला मानवते. जास्वंद, तगर, कोरांटी फारशी निगा मागत नाहीत. अबोलीला अर्धी सावली पुरते. सोनचाफ्याचे कलम लावल्यास फुलांसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही. पारिजातक वाटेच्या कडेला असावा. सकाळचा सडा पायाखाली यायला नको. माड मात्र घराच्या व मोटारीच्या डोक्यावर येणार नाही असा लावावा, आणि दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवावे. पश्चिमेला सावलीचे झाड असले, की दुपारनंतरच्या खोल्या थंड राहतात.

इंग्लंडमधील ज्या ‘कॉटेज गार्डन’चे सध्या कौतुक होते, ती मुळात गरिबाच्या दारची बाग होती : फुले, भाजी आणि औषधी झाडे एकाच वाफ्यात. गोव्याच्या परसात वेगळे काय असते? तांबडी भाजी, आळू, हळद, मांडवावर दोडकी आणि पडवळ, कडेला झेंडू. हे सारे मागच्या दारी लपवण्याची गरज नाही. चतुर्थीला माटोळीसाठी लागणाऱ्या फळाफुलांपैकी काही दर्शनी अंगणातूनच मिळू शकतात. मध्ये तुळशीवृंदावन असो की क्रूस, त्याभोवती हातभर माती मोकळी ठेवली, तरी फुलांचा एक गोल वाफा सहज बसतो.

हैदराबादेत जांबाग, बशीरबाग, बाग लिंगमपल्ली ही वस्त्यांची नावे आहेत. नावात बाग राहिली आणि भोवती सिमेंट वाढले. जांबागमध्येच १९०७ साली मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी ही शाळा काढली. तेथील जमीन खडकाळ, आणि पाऊस गोव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तेथे शोभलेला आराखडा येथे जसाच्या तसा उतरवण्यात अर्थ नाही.

कुंपणाचा विचार शेवटी होतो, तो आधी व्हावा. उंच सिमेंटची भिंत वारा अडवते आणि पाणी कोंडते. कमरेइतका जांभ्याचा गडगा आणि त्याच्या आतून मेंदी किंवा अडुळशाची दाट रांग पुरेशी आहे. अडुळशाच्या काड्या पहिल्या पावसानंतर जमिनीत खोचल्या, तरी जगतात.