तळटीप १४ : ‘ऑस्टिनमधली साथ’

१४. ऑस्टिन : अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील स्कॉट काउंटीमधले सुमारे ४,२०० वस्तीचे गाव. २०१५ मध्ये येथे एचआयव्हीची साथ पसरली. वर्षअखेरीस बाधितांची संख्या १८० च्या वर गेली. त्यांतील बहुतेकांना हिपॅटायटिस-सी देखील होता. ‘ओपाना ईआर’ ही ऑक्सिमॉर्फोनची वेदनाशामक गोळी विरघळवून शिरेत टोचली जाई आणि एकच सुई अनेकजण वापरत. २०१० च्या सुमारास अनेक राज्यांनी अशा औषधांच्या चिठ्ठ्यांवर निर्बंध आणले. कंपन्यांनी गोळ्या सहज चुरडता येऊ नयेत अशा बनवल्या. नव्या माणसांना व्यसन लागू नये यासाठी हे गरजेचेच होते. मात्र आधीच व्यसन जडलेल्यांच्या उपचारांची सोय त्या वेगाने झाली नाही. काहीजण हेरॉइनकडे वळले. इंडियानात तर वापरलेल्या सुया देऊन नव्या घेण्याच्या केंद्रांना कायद्याने बंदी होती. राज्यपाल माइक पेन्स यांनी २६ मार्च २०१५ रोजी आणीबाणी जाहीर करून स्कॉट काउंटीपुरती तात्पुरती मुभा दिली. चिठ्ठ्यांवर निर्बंध घालतानाच व्यसनमुक्तीचे उपचार, स्वच्छ सुया आणि रक्ततपासणी यांची तरतूद करणे सरकारचे कर्तव्य आहे. — संपा.