फडावरचें गाणें आणि सभेंतील प्रश्न

लोककलावंताचा गौरव करण्याची एक रीत आपल्याकडे आतां चांगलीच रूढ झाली आहे. कलावंतास व्यासपीठावर बसवावें, जाणत्या गृहस्थानें त्यास प्रश्न विचारावे, आणि मधून मधून त्याच्याच गळ्यांतून एखादें गाणें ऐकावें. अशी सायंकाळ रंजक होते हें खरें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तिचें मोल याहून पुष्कळ अधिक आहे, आणि तें आपण बहुधा वायां घालवितों.

सोलापूरचा रामजोशी उत्तर पेशवाईंत गाजला. त्याच्या लावण्या आज छापील मिळतात. पण कोणत्या शब्दावर तो थांबे, ढोलकीची थाप कोठें पडे, झीलकरी सूर केव्हां उचलीत, हें छापील पानावरून कसें कळावें? अक्षरें राहिलीं, गाणें गेलें. ज्या काळीं विचारणें शक्य होतें, त्या काळीं शिष्टांनीं तमाशाकडे पाठ फिरविली होती. एकोणिसशें चाळीसनंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारनें दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली, तीहि तमाशा सुधारण्यासाठीं.

आतां पाठ फिरविण्याचा काळ संपला. पण विचारण्याची कला आपणांस साधली आहे काय? विठाबाई नारायणगांवकर (१९३५–२००२) यांचें उदाहरण घ्या. भाऊ-बापूंच्या नामांकित फडाची ही कन्या. खेळ चालू असतां कळा लागल्या, पडद्यामागें त्या प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढें उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. ती ऐकून डोळे पाणावतात. परंतु लाउडस्पीकर नसतांना जत्रेंतील शेवटच्या माणसापर्यंत आवाज कसा पोंचवावा, गणगौळण आटोपून वगाकडे वळतांना गर्दीचा कल कसा ओळखावा, ढोलकीवाल्यास नुसत्या नजरेनें काय सांगावें, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? आपण त्यांचें दुःख पाठ केलें, विद्या मात्र विचारली नाहीं. उत्तर आयुष्यांत त्यांना हलाखी सोसावी लागली. निधनानंतर शासनानें त्यांच्या नांवें जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. दया आणि गौरव यांत अंतर आहे, तें हेंच.

याउलट यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्या बैठकीच्या लावणीकडे पाहावें. पेटी-तबल्याच्या साथीवर बसून गातांना त्या एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत, आणि दर खेपेस डोळ्यांची, बोटांची अदा निराळी. त्याबरोबर ओळीचा अर्थहि निराळा. १९७५ सालीं त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २०१२ सालीं पद्मश्री मिळाली. अशा कलावंतास एखाद्या अदेविषयीं विचारलें, तर उत्तर शब्दांत येत नाहीं. ती अदा करूनच दाखवावी लागते. म्हणूनच प्रश्न आणि गाणें एकाच बैठकींत हवें.

अशी बैठक केवळ पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत व्हावी असें कांहीं नाहीं. बीड जिल्ह्यांतील मांजरसुंबा घ्या. बालाघाटाच्या डोंगरांतील हें चौरस्त्याचें गांव. बीडहून सोलापुराकडे आणि पाटोद्याहून केज-अंबाजोगाईकडे जाणारे मार्ग येथें एकमेकांस मिळतात. जवळच कपिलधारास मन्मथस्वामींची समाधि आहे. कार्तिकी पौर्णिमेस तेथें यात्रा भरते, आणि स्वामींचे अभंग आजहि भाविकांच्या मुखीं आहेत. कां आहेत? वर्षानुवर्षें मागल्यांनीं पुढल्यांस ते गाऊन शिकविले म्हणून. एखाद्या गायिकेच्या लावणीला अशी यात्रा नाहीं, असा संप्रदाय नाहीं. तिच्यामागें उरते ती लोकांची आठवण. त्या आठवणीला विचारणारा भेटला पाहिजे.

मांजरसुंब्यासारख्या गांवीं ही बैठक भरली, तर जत्रेंत मातीवर बसून खेळ पाहिलेलीं माणसें समोर असतील. व्यासपीठावरील विद्वान चुकला तर तींच त्यास सांवरतील. मात्र आयोजकांनीं एवढें करावें : गाण्याचें ध्वनिमुद्रण ठेवावें, चाल कोणाकडून आली व साथीस कोण होतें तें लिहून घ्यावें, आणि शाल-श्रीफळ देण्यापूर्वीं कलावंतास निदान एक प्रश्न त्याच्या कलेविषयीं विचारावा. सुखदुःखाची विचारपूस मग करावी.