ऊर्जा परत आली!

स्प्रिंग जितकी ताणावी तितके तिचे ओढणारे बल वाढते, हा हूकचा नियम आपण शाळेत शिकवतो. घन पदार्थातले अणूही जणू अशाच स्प्रिंगांनी जोडलेले असतात, असे सांगून पुढे जातो. पण या स्प्रिंगा तंतोतंत हूकच्या नियमाने वागल्या, तर पंचाईत होईल. अणूंच्या कंपनांचे वेगवेगळे प्रकार आपापसात ऊर्जेची देवघेवच करणार नाहीत. निर्दोष स्फटिकात मग उष्णतेला अडवणारे काही उरणार नाही. पीटर डिबाय यांनी १९१४ मध्येच हे ओळखले होते. म्हणजे खरी स्प्रिंग थोडी 'बिघडलेली', अरेषीय असलीच पाहिजे.

हा थोडासा बिघाड पुरतो का? अमेरिकेत लॉस अलामॉस येथे १९५२ मध्ये मॅनिॲक हा संगणक सुरू झाला. तो बांधला होता हायड्रोजन बॉम्बच्या आकडेमोडीसाठी. एनरिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टानिस्लाव उलाम यांनी त्याला हे कोडे घातले. ३२ कणांची एक साखळी घ्यायची, टोके घट्ट बांधायची, बलात ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात एक लहानसे पद मिळवायचे आणि सतारीच्या तारेसारखी एकच कमान देऊन साखळी सोडून द्यायची. ऊर्जा हळूहळू सर्व प्रकारच्या कंपनांत सारखी वाटली जाईल, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

ऊर्जा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कंपनात गेली खरी. पण बऱ्याच वेळाने ती जवळजवळ सगळी पहिल्या कंपनात परत आली! कमी पडली ती अवघी दोन-तीन टक्के.

फर्मी नोव्हेंबर १९५४ मध्ये वारले. अहवाल निघाला मे १९५५ मध्ये, तिघांच्या नावाने. आज्ञावली लिहून यंत्र चालवणाऱ्या मेरी त्सिंगू यांच्या वाट्याला तळटीपेतले आभार आले. फोरट्रान भाषा तेव्हा यायची होती, हे लक्षात घेतले म्हणजे ते काम केवढे होते ते कळते. त्यांनी प्रश्न सोडला नाही. जेम्स टक यांच्यासह त्यांनी गणित फार लांबवर चालवले. परतीच्या वेळची तूट आधी वाढत जाते आणि पुढे पुन्हा भरून येते, असे त्यांना दिसले. ते १९७२ मध्ये छापले गेले. तिएरी दोशुआ यांनी २००८ मध्ये लेख लिहून त्सिंगूंचे नाव या प्रश्नाला जोडावे असे सुचवले, तेव्हा कुठे अनेकांनी ते जोडले.

मधल्या काळात, १९६५ मध्ये, झाबुस्की आणि क्रुस्कल यांना याच साखळीचा माग काढताना सॉलिटॉन सापडले: एकमेकांतून आरपार जाऊनही आकार न मोडणाऱ्या लाटा. धक्का पुरेसा जोराचा असेल, तर ऊर्जा शेवटी सर्वत्र वाटली जाते, हेही पुढे कळले.

कागदावरच्या या साखळीचा जवळचा नातलग म्हणजे ग्राफीन, कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. मँचेस्टरमध्ये तो २००४ मध्ये वेगळा केला गेला. त्याची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे दहापट असल्याचे मोजमाप २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पापुद्र्याची लांबी वाढवली की ही वाहकता वाढतच जाते की कुठे थांबते, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही.