टे नदीचा पूल आणि वर्मिटची ओतशाळा

शेक्सपिअरच्या तीन चेटकिणी एकोणिसाव्या शतकात पुन्हा एकदा भेटल्या, त्या स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या रेल्वेपुलापाशी. ही भेट घडवून आणली थिओडोर फोंटाने या जर्मन लेखकाने. २८ डिसेंबर १८७९ च्या रविवारी संध्याकाळी, सव्वासातच्या सुमारास, भर वादळात पुलाचा मधला उंच भाग आगगाडीसह नदीत कोसळला. पुढच्याच महिन्यात फोंटानेची कविता छापून आली. तिच्यात पूल पाडण्याचा कट या चेटकिणीच रचतात, आणि माणसाच्या हातचे काम किती क्षुल्लक असते हे एकमेकींना सांगतात. इंग्रजीतला सर्वांत वाईट कवी म्हणून ज्याची आजही थट्टा होते, त्या विल्यम मॅकगोनगलनेही याच अपघातावर कविता लिहिली. गंमत अशी की, पुलाला बाजूंनी भक्कम आधार द्यायला हवे होते, हा साधा मुद्दा सुचला तो या वाईट कवीलाच. चांगल्या कवीने सारा दोष पंचमहाभूतांच्या पदरात टाकला. कविता म्हणून फोंटानेचीच श्रेष्ठ, यात शंका नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने चेटकिणींवर फार काळ विसंबू नये. त्याने वर्मिटला जावे.

वर्मिट हे नदीच्या दक्षिण काठावरचे गाव. पुलाचे खांब ज्या लोखंडाचे होते ते ओतण्यासाठी तिथे खास ओतशाळा उभारली होती. हे लोखंड म्हणजे आपल्याकडे ज्याला बीड म्हणतात ते. घडीव लोखंड आणि बीड यांतला फरक आपल्या स्वयंपाकघरांना पूर्वीपासून ठाऊक आहे : बिडाचा तवा वर्षानुवर्षे विस्तव सोसतो, पण हातातून फरशीवर पडला की त्याचे दोन तुकडे होतात. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन मिसळला की ते साधारण ११५० अंशांवरच पातळ होते आणि साच्यात सहज ओतता येते. या सोयीची किंमत पुढे मोजावी लागते. थंड होताना कार्बनचा बराच भाग ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूत राहतो आणि ताण आला की हे पापुद्रे आयत्या चिरांसारखे वागतात. म्हणून बीड दाब उत्तम सोसते, ओढ मात्र सोसत नाही. हे तेव्हा अज्ञात नव्हते. १८४७ मध्ये चेस्टरजवळ डी नदीवरच्या पुलाची बिडाची तुळई आगगाडीखाली मोडली होती आणि त्यात पाच माणसे गेली होती.

टेच्या पुलाचा अभियंता थॉमस बाउच. आधी विटांचे खांब उभारायचे ठरले होते. पण नदीच्या तळाशी धरून चाललेला खडक पुढे सापडेना, तेव्हा भार हलका करण्यासाठी बिडाचे खांब आले. सहा पोकळ खांबांचा एक गट, आणि ते एकमेकांना बांधणाऱ्या घडीव लोखंडाच्या तिरप्या पट्ट्या. या पट्ट्या खांबांना जोडायला खांबांच्याच अंगाला कान ओतलेले होते. वारा आडवा आला की सारी ओढ या कानांवर. थोडक्यात, जे काम बिडाला जमत नाही नेमके तेच त्याला दिले होते.

आता ओतशाळेतली गोष्ट. कानांमधली बोल्टची भोके गिरमिटाने पाडलेली नव्हती, ओततानाच ठेवलेली होती. नमुना वाळूतून अलगद बाहेर निघावा म्हणून त्याला थोडा निमुळतेपणा द्यावा लागतो, त्यामुळे भोकेही निमुळती झाली. अशा भोकात सरळ बोल्ट बसवला की तो कडेच्या एका रेघेवरच टेकतो, आणि सगळा भार तिथे एकवटतो. डेव्हिड कर्कल्डीच्या प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या, तेव्हा ६० टनांची अपेक्षा असलेले कान सुमारे २० टनांतच तुटले. साच्यातला गाभा सरकल्यामुळे काही खांबांची भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ झाली होती. ओतीव कामात हवेचे बुडबुडे राहिले होते. ही भोके बुजवायला कारागीर एक लुकण वापरत : मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी. त्याला ते ‘बोमाँटचे अंडे’ म्हणत. घासल्यावर ते हुबेहूब लोखंडासारखे दिसे. संपूर्ण चौकशीत मला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील हाच वाटतो. वारा आंधळा असतो, काजळी मिसळणारा हात आंधळा नसतो. अर्थात तो हात मजुराचा होता, आणि त्याच्या कामाकडे पाहायला वरचे कोणी नव्हते, हेही विसरता येत नाही.

पुलाची देखरेख हेन्री नोबल यांच्याकडे होती. त्यांचा अनुभव विटा-चुन्याच्या कामाचा. पट्ट्या खडखडतात हे ऑक्टोबर १८७८ मध्ये त्यांच्या कानी आले, तेव्हा त्यांनी फटींत लोखंडाचे तुकडे ठोकले. खडखडाट थांबला. जून १८७९ मध्ये व्हिक्टोरिया राणी पुलावरून गेली आणि बाउच ‘सर’ झाले.

चौकशी मंडळाच्या तिघांपैकी हेन्री रॉदरी यांनी आखणी, बांधणी आणि निगा या तिन्हींवर ठपका ठेवून बाउचना मुख्य जबाबदार धरले. ३० ऑक्टोबर १८८० रोजी बाउच वारले. वाद मात्र संपला नाही. केवळ त्या रात्रीच्या वाऱ्यानेच असा पूल उलथला असता, असे गणित काही अभियंते मांडतात. उलट पीटर लुइस यांनी चौकशीसाठी काढलेली जुनी छायाचित्रे विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर पुन्हा तपासली, आणि गाड्यांच्या रोजच्या हादऱ्यांनी कानांमधल्या चिरा वाढत गेल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. मला दुसरे मत अधिक पटते, कारण ते खडखडाटाचाही हिशेब देते.

बळींचा आकडा पूर्वी ७५ सांगत. नावानिशी निश्चित झालेले ५९ आहेत. गाडीचे इंजिन नदीतून काढून दुरुस्त केले गेले आणि १९१९ पर्यंत धावले. रेल्वेतले लोक त्याला ‘पाणबुड्या’ म्हणत. १८८७ मध्ये शेजारी नवा पूल झाला. त्यावरून जाताना जुन्या खांबांचे बुंधे पाण्यात ओळीने उभे दिसतात.