बंप स्टॉक

बंप स्टॉक हा अर्धस्वयंचलित रायफलीला मूळ दस्त्याच्या जागी बसवला जाणारा सरकता दस्ता आहे. त्यामुळे रायफलीच्या गोळीबाराचा वेग मशीनगनच्या जवळपास पोहोचतो. २०१७ मधील लास व्हेगास गोळीबारानंतर अमेरिकेत या साधनावर बंदी घालावी काय आणि ती घालण्याचा अधिकार कोणाचा, हा वादाचा विषय ठरला. संघराज्य सरकारने २०१९ मध्ये लागू केलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्दबातल ठरवली.

रचना व कार्य

अर्धस्वयंचलित रायफलीचा चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते. बंप स्टॉक बसवल्यास गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने रायफल दस्त्यात मागे सरकते. नेमबाज दुसऱ्या हाताने ती पुढे रेटत असल्याने ती परत येते, स्थिर ठेवलेल्या बोटावर चाप आपटतो आणि पुढची गोळी सुटते. प्रत्येक गोळीमागे चाप नव्याने दाबला जातो; पुढील कायदेशीर वाद याच बाबीभोवती फिरला.

पार्श्वभूमी

१९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्यानुसार चापाच्या एका क्रियेने एकाहून अधिक गोळ्या आपोआप झाडणारे शस्त्र म्हणजे मशीनगन होय. १९८६ पासून नव्या मशीनगन नागरिकांना बाळगता येत नाहीत. अल्कोहोल, तंबाखू, बंदुका व स्फोटके विभागाने (एटीएफ) २०१० मध्ये बंप स्टॉक या व्याख्येत बसत नसल्याचा निर्वाळा दिला होता.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासमधील एका हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून खुल्या मैदानातील संगीत महोत्सवावर सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडण्यात आल्या. हल्लेखोराच्या अनेक रायफलींना बंप स्टॉक बसवलेले होते. मृतांची संख्या प्रारंभी ५८ होती; जखमींपैकी दोघांच्या नंतरच्या मृत्यूमुळे ती ६० झाली.

बंदी

घटनेनंतर काँग्रेसमध्ये बंदीची विधेयके मांडली गेली, परंतु ती संमत झाली नाहीत. नॅशनल रायफल असोसिएशनने अतिरिक्त नियमनास अनुकूलता दर्शवली, मात्र नव्या कायद्यास विरोध केला. अखेर डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने नियमाद्वारे बंप स्टॉकला मशीनगन ठरवले. हा नियम २६ मार्च २०१९ पासून लागू झाला. मालकांना आपली साधने नष्ट करणे किंवा जमा करणे भाग पडले. त्यासाठी भरपाई देण्यात आली नाही.

न्यायालयीन वाद

टेक्सासमधील बंदूकविक्रेते मायकेल कारगिल यांनी आपले दोन बंप स्टॉक जमा करून नियमाला आव्हान दिले. १४ जून २०२४ रोजी 'गारलँड विरुद्ध कारगिल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्काचा प्रश्न या खटल्यात नव्हता. प्रश्न केवळ १९३४ च्या व्याख्येच्या अर्थाचा होता. प्रत्येक गोळीसाठी चापाची स्वतंत्र क्रिया होते, म्हणून एटीएफने अधिकारकक्षा ओलांडली, असे बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिले. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी सहमतीच्या मतात काँग्रेस कायदा बदलू शकते, याकडे लक्ष वेधले. नेमबाजाच्या एका कृतीने गोळ्यांची मालिका सुरू होत असल्याने हे शस्त्र मशीनगनच ठरते, असे न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी भिन्नमतात नोंदवले.

सद्यस्थिती

निकालानंतर काही दिवसांतच सिनेटमध्ये बंदीचे विधेयक एकमताने संमत करण्याचा प्रयत्न झाला, पण एका सदस्याच्या हरकतीमुळे तो फसला. राज्यांचे स्वतंत्र कायदे या निकालाने बाधित झाले नाहीत. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, फ्लोरिडा आणि लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडासह अनेक राज्यांनी बंप स्टॉकवर बंदी घातली आहे.